शिवेवरचा साक्षीदार

शहापूर विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. राष्ट्रपतींच्या १९८५च्या आदेशानुसार सगळा शहापूर तालुका आणि शेजारच्या मुरबाडमधली काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. पेसा कायद्यामुळे खर्डीच्या आसपासच्या ग्रामपंचायतींत सरपंचपदही आदिवासींकडेच असते. म्हणजे कायदे करणाऱ्या सभागृहात आमच्या भागातला आदिवासी हक्काने बसतो आणि गावचा कारभारही हक्काने पाहतो. उरते ती तिसरी जागा, न्यायदानाची.

त्या तिसऱ्या जागेकडे माझे लक्ष गेले ते कायद्याच्या अभ्यासातून नव्हे. मी वकील नाही. रेल्वेत नोकरी केली आणि चाळिशीच्या सुमारास जमिनींच्या जुन्या कागदांच्या नादाने मोडी शिकलो. छापील आणि हस्तलिखित निवाडे वाचता वाचता एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येऊ लागली. या कागदांत खालच्या मानलेल्या जातींची माणसे भरपूर आहेत. ती शीव दाखवतात, साक्ष देतात, शपथ घेतात, समन्स पोचवतात, आरोपीला राखतात, पुढच्या काळात स्वतः आरोपी म्हणून उभी राहतात. निवाडा मात्र दुसरेच कोणी करते. ज्याच्या शब्दावाचून न्याय अडत होता, त्याला त्या शब्दाचे वजन करण्याचा अधिकार कधी आणि किती मिळाला, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

मराठेशाहीतला न्याय म्हटले की आपल्याला रामशास्त्री प्रभुणे आठवतात आणि विषय तिथेच संपतो. पुण्यापर्यंत पोचणारे वाद थोडे असत. वतनाचे, वाटणीचे, शिवेचे बहुतेक वाद गावात नाहीतर परगण्यात गोतसभेपुढे येत. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ १९५३ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने काढला. गोतसभा म्हणजे नेमके कोण बसत आणि निर्णय कसा लिहिला जाई, हे समजून घ्यायला आजही त्या ग्रंथाकडेच जावे लागते. सभेच्या निर्णयाचा कागद म्हणजे महजर. त्यावर देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी यांच्यामागून गावचे बलुतेदार येतात आणि काही महजरांत त्यांच्यात महारही असतो. अक्षर येत नसे त्याची निशाणी असे. पाटलाचा नांगर सगळ्यांना ठाऊक आहे.

शिवेच्या वादात तर महाराशिवाय पान हलत नसे. गावाची हद्द कुठून कुठे जाते, कोणता दगड शिवेचा आणि कोणता नुसताच दगड, हे पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या घरात सांगितले जाई. अलेक्झांडर रॉबर्टसन या मिशनऱ्याने १९३८ साली महार समाजावर पुस्तक लिहिले, त्यातही शिवेच्या बाबतीत महाराचा शब्द प्रमाण मानला जाई हे नोंदले आहे. पुरावा दोन्हीकडून सारखाच झाला की दिव्य करायचे. एकाने डोक्यावर माती किंवा कातडे घेऊन शीव चालायची. ठरलेल्या मुदतीत त्याच्या घरी मरण, आजार, गुराढोरांची हानी असे काही घडले तर त्याने दाखवलेली शीव खोटी. चालणारा माणूस कधी पाटील असे, कधी महार. हे कागद मुख्यतः देशावरचे आहेत. घाटाखाली, आमच्या कल्याण-माहुलीच्या मुलखात, जंगल जास्त आणि गाव विरळ, त्यामुळे गोताचा पसाराही तेवढा नसावा असे मला वाटते.

या पुराव्यावरून काही मंडळी असा निष्कर्ष काढतात की पूर्वी गावच्या न्यायात सर्वांनाच वाटा होता, इंग्रजांनी तो मोडला. मला हे पटत नाही. महाराचा शब्द प्रमाण होता तो त्याला मान होता म्हणून नव्हे. शीव राखणे हे त्याच्या वतनी चाकरीचे काम होते आणि शब्द चुकला तर त्याची किंमत त्याच्या अंगावर निघत होती. ज्याच्या सावलीचा विटाळ, त्याच्याच पायांवर गावाच्या हद्दीचा भरवसा. चावडीत काय चर्चा झाली, कोणाचे म्हणणे मानले आणि कोणाचे टाकले, हे ठरवताना तो आत बसलेला नसे. महजराच्या तळाशी त्याची निशाणी आहे म्हणजे निर्णय त्याला मान्य करायला लावला, एवढेच नक्की म्हणता येते. ही चाकरीही कायद्याने संपायला १९५८चा कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा यावा लागला. बाबासाहेब आंबेडकरांनी महार वतनाचे विधेयक मुंबईच्या कौन्सिलात मांडले होते १९२८ साली. मध्ये तीस वर्षे गेली.

इंग्रजी अमलात गोत गेले आणि कचेरी आली. तालुक्याला मामलेदार हाच सारा वसूल करी आणि तोच फौजदारी दंडाधिकारीही असे. मुंबई राज्यात ही दोन कामे वेगळी करणारा कायदा झाला तो स्वातंत्र्यानंतर, १९५१ साली. तोवर ज्याच्याकडे सारा थकला त्याच्याच पुढे गुन्ह्याचा जबाब द्यायचा, अशी रीत होती. ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर १८८२ साली निघाले. त्यात न्यायावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि लोकांच्या प्रकरणात कातकऱ्यांचे, ठाकरांचे, वारल्यांचे सविस्तर वर्णन आहे. दोन्ही प्रकरणे पाठोपाठ वाचावीत. न्यायाच्या प्रकरणात हे लोक गुन्ह्यांच्या संदर्भात येतात, न्याय करणाऱ्यांत एकही नाही. त्या काळी ते कोणाला खटकण्याचे कारणही नव्हते.

आमच्या भागातला आदिवासी कोर्टात आला तो दोन वाटांनी. एक जंगलाची. १८७८च्या वन कायद्यानंतर जंगलाच्या हद्दी आखल्या गेल्या आणि राब हा गुन्ह्याच्या जवळ जाऊन बसला. राब म्हणजे काय हे शहरी वाचकाला सांगायला हवे. भाताचे रोप टाकण्याआधी वाफ्यावर फांद्या, पाला, शेण, गवत पसरून जाळायचे. त्याशिवाय कोकणपट्टीत रोप चांगले येत नाही अशी शेतकऱ्याची खात्री. फांद्या आणायच्या कुठून, तर ज्या झाडांवर आता सरकारचा शिक्का पडला होता तिथून. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतली तक्रार एवढी वाढली की सरकारला १८८५ साली वन आयोग नेमावा लागला. दुसरी वाट मोहाची. मोहाच्या फुलांची दारू गाळू नये म्हणून ठाणे-कुलाब्यापुरता खास मोहवा कायदा १८९२ साली झाला. अंगणात फुले वाळत घालणे हा ज्यांचा वर्षाचा बेत, त्यांच्या घरात फुले सापडणे हाच पुरावा होऊ लागला. नंतर १९४९चा दारूबंदी कायदा आला. कातकरी पाड्यावर म्हाताऱ्या माणसांना कोर्टाबद्दल विचारा. पहिली आठवण बहुधा या दोनपैकी एका वाटेची निघते.

कोर्टात भाषेचाही अडसर होता. कातकऱ्याची बोली वेगळी, कारकुनाची मराठी वेगळी, कायद्याची इंग्रजी तर पारच वेगळी. बोललेला शब्द तीन चाळण्यांतून खाली येई, आणि कागदावर जे उतरे त्याखाली अंगठा. महजराखालची निशाणी आणि जबाबाखालचा अंगठा यांत मला फारसा फरक दिसत नाही.

आता ठाण्याच्या न्यायालयाकडे येतो, कारण या इतिहासातला सर्वांत मोठा दावा तिथून गेला आणि ठाणेकरांनाही ते सहसा माहीत नसते. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह मार्च १९२७चा. डिसेंबरात तळ्यावर पुन्हा सत्याग्रह होणार हे कळल्यावर महाडच्या काही सवर्णांनी १२ डिसेंबर १९२७ रोजी दिवाणी दावा लावला, क्रमांक ४०५. प्रतिवादी भीमराव रामजी आंबेडकर आणि इतर. दोन दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम मिळाला. परिषद भरली, २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले, पण तळ्यावर जाणे कोर्टाचा हुकूम म्हणून थांबवले गेले. दावा महाडच्या कोर्टात फेटाळला गेला. महाड कुलाबा जिल्ह्यात असले तरी अपील ठाण्याला चालले, आणि १९३३च्या जानेवारीत ठाण्याचे असिस्टंट जज्ज एस. एम. कैकिणी यांनी ते फेटाळले. तिथून वादी हायकोर्टात गेले. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांनी १७ मार्च १९३७ रोजी शेवटचा निकाल दिला. १९२२ साली अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा देणारे ते हेच ब्रूमफील्ड. तळ्यावर अस्पृश्यांना मज्जाव करण्याची अनादि वहिवाट वादींना सिद्ध करता आली नाही, असा निकाल झाला.

पुस्तकांत याची नोंद विजय म्हणून होते आणि ती योग्यच आहे. पण निकाल शांतपणे वाचला तर दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी की खाली-वर कुठेही न्यायासनावर अस्पृश्य समाजातला माणूस नव्हता. तरी तिन्ही न्यायालयांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे न्याय करायला न्यायाधीश त्याच जातीचा असावा लागत नाही, असे कोणी म्हटले तर हा दाखला त्याच्या बाजूचा आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. वहिवाट सिद्ध झाली नाही, म्हणून अस्पृश्य जिंकले. ती सिद्ध झाली असती तर? अशी रूढी वाजवी आहे का, लोकहिताला धरून आहे का, या प्रश्नात शिरण्याची गरजच पडली नाही असे हायकोर्टाने म्हटले. पाणी पिणे हा माणसाचा हक्क आहे की नाही हा प्रश्न त्या खटल्यात कोणी नीट विचारलाच नाही. तळे कोणाचे आणि रूढी किती जुनी एवढेच विचारले गेले. प्रश्न कोणता विचारायचा, हे ठरवणारे सगळे एकाच बाजूचे होते. प्रतिनिधित्वाचा मुद्दा मला निकालापेक्षा इथे जास्त दिसतो.

एक योगायोग. तिकडे अमेरिकेत याच मार्च १९३७ मध्ये विल्यम हेस्टी हे पहिले कृष्णवर्णीय फेडरल न्यायाधीश नेमले गेले, तेही मुख्य भूमीवर नाही तर व्हर्जिन बेटांवर. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात थर्गुड मार्शल पोचले ते तीस वर्षांनी, १९६७ साली. तिथल्या काळ्या लोकांच्या इतिहासात गावच्या कोर्टापासून वरच्या कोर्टापर्यंत कोण कधी बसला याची मोजदाद बारकाईने ठेवलेली आढळते. आपल्याकडे अशी मोजदाद ठेवण्याची सवय नाही. जात विचारू नये, या सभ्य समजुतीखाली ती राहून गेली.

आपल्याकडे राजाराम रामजी भोळे यांचे नाव यायला हवे. १९३७च्या निवडणुकीत ते बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे पुण्याहून मुंबई विधिमंडळात गेले. पुढे न्यायखात्यात शिरले आणि मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. निवृत्तीनंतर १९८०च्या निवडणुकीत मुंबईतून लोकसभेत गेले. एकाच माणसाने चळवळ, न्यायासन आणि संसद पाहिली. त्यांच्यावर मराठीत सविस्तर चरित्र लिहिले जायला हवे. तरुण अभ्यासकांनी मनावर घ्यावे. सर्वोच्च न्यायालयात अनुसूचित जातीतले पहिले न्यायमूर्ती ए. वरदराजन, तामिळनाडूचे, १९८० साली. राज्यघटना लागू होऊन तीस वर्षे झाली होती.

न्यायाधीश कोणत्या घरातून आला याने काय फरक पडतो, याचे उत्तर मला विदर्भातल्या एका खटल्यात सापडते. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस चौकीत मथुरा या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले आणि मुलीलाच खोटे ठरवले. नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली ती रद्द केली. मुलीने आरडाओरडा केला नाही, अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिची संमती होती असा त्याचा रोख. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले आणि देशभर आंदोलन उभे राहून १९८३ साली कायदा बदलला. मोलमजुरी करणारी आदिवासी पोर रात्री पोलीस चौकीत ओरडत का नाही, हे आमच्या पाड्यावरच्या कोणत्याही बाईला विचारले असते तर तिने एका वाक्यात सांगितले असते. तिला विचारण्याची सोय कायद्यात नव्हती, आणि पीठावर ते ठाऊक असणारे कोणी नव्हते.

इतके लिहून झाल्यावर आमच्याच भागातला उलटा दाखला सांगितला पाहिजे. ठाकूर ही जमात १९५६च्या यादीत फक्त काही तालुक्यांपुरती अनुसूचित मानलेली होती. ठाणे जिल्ह्यातले शहापूर आणि मुरबाड त्यांत होते. १९७६च्या दुरुस्तीने ही तालुक्यांची अट गेली. त्यानंतर दाखल्यांचे वाद वाढले. माधुरी पाटील या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९९४च्या निकालाने जात पडताळणीची चौकट घालून दिली. तो वाद महादेव कोळी दाखल्यांचा होता. यातून आप्तभाव चाचणी म्हणून एक प्रकार रूढ झाला. तुमचे देव कोणते, लग्न कसे लागते, मर्तिकाला काय करता, नाच कोणता, बोली कोणती, असे अर्जदाराला विचारायचे आणि उत्तर पुस्तकातल्या वर्णनाशी ताडून पाहायचे. पुस्तक बहुधा जुने, त्यातही इंग्रज अधिकाऱ्याचे. खर्डीत वाढलेला, कल्याणच्या कॉलेजात शिकलेला, दोन वेळा लोकल बदलून कामाला जाणारा ठाकराचा मुलगा शंभर वर्षांपूर्वीच्या वर्णनात बसला नाही तर तो ठाकूर नाही! खोटे दाखले मिळवणारे होते आणि आहेत, हे खरे. त्यांच्यामुळे खऱ्यांची जागा जाते, हेही खरे. पण आपण कोण, हे सिद्ध करण्याचे ओझे ज्याच्यावर पडते त्याचे हाल पाहिल्याशिवाय कळत नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०२३ रोजी महाराष्ट्र आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समितीच्या प्रकरणात स्पष्ट केले की ही चाचणी म्हणजे अखेरची कसोटी नव्हे. दुसऱ्या पुराव्यांबरोबर तिचा विचार व्हावा. स्थलांतर, शिक्षण, काळ यांनी चालीरीती बदलतात, हे त्यात मान्य केलेले आहे. हा निकाल लिहिला न्यायमूर्ती अभय ओक यांनी. ओक आदिवासी नाहीत. पण १९८३ साली त्यांनी वकिली सुरू केली ती ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात, वडिलांच्या कचेरीत. ज्या कोर्टाच्या आवारात शहापूर-मुरबाड-जव्हारचे पक्षकार दिवस दिवस बसून असतात, तिथे त्यांची सुरुवातीची वर्षे गेली. त्याचा या निकालाशी संबंध जोडणे हा माझा तर्क आहे, पण तो मी सोडणार नाही. जवळून पाहिलेले माणसाच्या विचारात राहते. जन्म हा जवळून पाहण्याचा एक मार्ग आहे, एकमेव नाही; मात्र ज्यांना दुसरा मार्गच मिळत नाही अशांच्या हाती सगळे निकाल असले तर काय होते, ते मथुरेच्या खटल्यात दिसले.

आकडे आता मिळू लागले आहेत. २०१८पासून १७ जुलै २०२३पर्यंत देशभरच्या उच्च न्यायालयांत ६०४ न्यायाधीश नेमले गेले. केंद्रीय कायदामंत्र्यांनी संसदेत दिलेल्या माहितीनुसार त्यांत खुल्या प्रवर्गातले ४५८, इतर मागासवर्गीय ७२, अल्पसंख्याक ३४, अनुसूचित जातींचे १८ आणि अनुसूचित जमातींचे ९. तेरा जणांची माहिती उपलब्ध नव्हती. सहाशेत नऊ. हा आकडा मी पाड्यावरच्या एका पदवीधर मुलाला दाखवला. तो म्हणाला, “काका, नऊ तरी आहेत. मला वाटलं नसतीलच.”

वरच्या न्यायालयांत राखीव जागा नाहीत. तरीही महाराष्ट्रातून अलीकडे जे घडले ते लहान नाही. अमरावतीचे भूषण गवई मे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. जवळजवळ दहा वर्षांनी तिथे अनुसूचित जातीचे न्यायाधीश येत आहेत, असे न्यायवृंदाने आपल्या ठरावातच नोंदले होते. १४ मे ते २३ नोव्हेंबर २०२५ या काळात ते सरन्यायाधीश होते, के. जी. बालकृष्णन यांच्यानंतर या पदावर आलेले दुसरे दलित. औरंगाबाद खंडपीठात वकिली केलेले प्रसन्न वराळे जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोचले. त्यांच्या घराण्याचा बाबासाहेबांशी जुना संबंध.

पण प्रतिनिधी म्हणजे आपल्या मनातले बोलणारा, अशी अपेक्षा कोणी ठेवली असेल तर ती मोडते. १ ऑगस्ट २०२४च्या उपवर्गीकरणाच्या निकालात गवईंनी अनुसूचित जाती-जमातींतल्या सुस्थित कुटुंबांना आरक्षणातून वगळण्याचा विचार मांडला, तेव्हा अनेक दलित संघटना त्यांच्यावरच नाराज झाल्या. मला यात वावगे काही वाटत नाही. न्यायाधीश हा समाजाचा वकील नव्हे. तो भांडणाच्या आतली माहिती घेऊन बसतो, आणि मग त्याला योग्य वाटेल तेच लिहितो. आपल्या माणसाने आपल्याविरुद्ध लिहिण्याचा हक्कही त्याला खुर्चीबरोबरच मिळतो.

मला अधिक काळजी वाटते ती खालच्या पायरीची. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी या पदांची परीक्षा महाराष्ट्र लोकसेवा आयोग घेतो आणि तिच्या जाहिरातींत अनुसूचित जाती-जमातींच्या जागा असतात. शहापूर-मुरबाडसारख्या तालुका न्यायालयांत याच परीक्षेतून आलेले न्यायाधीश बसतात. खरी वाट ही आहे. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. कोर्टाची पायरी न चढलेला पोरगा थेट खुर्चीवर बसला तर पक्षकारांचे नुकसान होते, हे कारण खोटे नाही. तो निकाल देणाऱ्या पीठाचे प्रमुख स्वतः गवई होते, म्हणजे खालून वर येणे काय असते हे त्यांना सांगायला नको. तरी हिशेब करून पाहावा. तालुक्याच्या कोर्टात नव्या वकिलाला पहिली तीन वर्षे जवळपास काही मिळत नाही. ज्याच्या वडिलांची कचेरी आहे तो ती काढतो. ज्याची आई भातलावणीला जाते आणि बाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातो, त्याने ही तीन वर्षे कशावर काढायची? शिष्यवृत्ती पदवीपर्यंत आहे. नेमक्या या तीन वर्षांसाठी कनिष्ठ वकिलांना दरमहा काही देण्याची सोय सरकारने किंवा वकील परिषदेने केली नाही, तर राखीव जागांसाठी पुरेसे उमेदवारच नाहीत ही तक्रार आपण दर वर्षी ऐकत राहू.

दुसरी सोय कायद्यात आधीच आहे आणि तिच्याकडे कोणी बघत नाही. ग्राम न्यायालय कायदा २००८ साली झाला, २ ऑक्टोबर २००९पासून लागू झाला. गावाजवळ न्यायालय यावे, न्यायाधिकाऱ्याने फिरून गावात सुनावणी करावी, अशी त्याची कल्पना. न्यायाधिकारी नेमताना अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि स्त्रिया यांना प्रतिनिधित्व द्यावे, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. वरच्या कोणत्याही न्यायालयाच्या कायद्यात असे वाक्य नाही. त्याआधी ग्रामपंचायत कायद्यात न्यायपंचायतींची तरतूद होती, ती १९७०च्या दशकात गेली. ग्राम न्यायालये झाली तीही थोडी. आमच्याकडे गंभीर खटला असेल तर कल्याण नाहीतर ठाणे गाठावे लागते. पहाटेची गाडी चुकली की तारीख चुकते. भातसा, तानसा, वैतरणेचे पाणी नळातून मुंबईला जाते तेवढ्या सुखाने आमचे दावे जात नाहीत.

रोजच्या जगण्यातले वाद अजूनही तहसीलदारापुढेच येतात. शेतात जायची वाट अडवली तर १९०६चा मामलेदार न्यायालय कायदा आहे. सारा आणि न्याय वेगळे झाले तरी हा एक कोपरा तसाच राहिला. आणि जंगलजमिनीचे दावे २००६च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेपुढे आले. हा कायदा मला या सगळ्या इतिहासात वेगळा वाटतो. दावा पहिल्यांदा तपासायचा तो ग्रामसभेने नेमलेल्या वनहक्क समितीने, म्हणजे पाड्यावरच्याच माणसांनी, आणि ठराव करायचा ग्रामसभेने. त्याच्या नियमांत पुराव्यांची यादी आहे. सातबारा, नकाशा, दंडाच्या पावत्या यांच्याबरोबर दावेदार सोडून गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी जबाबही त्यात धरले आहेत. राबासाठी फांद्या तोडल्याच्या दंडाची पावती आजोबांनी जपून ठेवली असेल, तर तो गुन्ह्याचा कागद आता वहिवाटीचा पुरावा होतो. अशा पावत्या मी पाहिल्या आहेत. प्लास्टिकच्या पिशवीत, आढ्याला टांगलेल्या.

वैतरणेच्या बाजूच्या एका पाड्यावर समितीची पाहणी चालू होती, तेव्हा मी कागद वाचून दाखवायला गेलो होतो. ऐंशीच्या घरातले एक ठाकूर आजोबा काठी टेकत पुढे आणि समिती मागे. ते एकेका ठिकाणी थांबत. इथे माझ्या चुलत्याचा राब होता. हा ओहोळ आमचा, त्याच्या पलीकडे कातकऱ्यांची वरई. हे बोंडाऱ्याचे झाड साहेबाच्या माणसांनी तोडले, खोड बघा. समितीची सचिव बारावी शिकलेली मुलगी होती, त्यांच्याच भावकीतली. ती वहीत लिहीत होती. एका जागी आजोबांनी हद्द दाखवली आणि तिने लिहिणे थांबवले. “आजा, मागच्या वर्षी तू खडकाच्या अलीकडून सांगितली व्हतीस.” आजोबा चिडले. मग खडकापर्यंत गेले, वाकून पाहिले, दोघांनी मिळून पावले मोजली. तिने तिला पटली ती हद्द लिहिली, खाली त्यांचा अंगठा घेतला, आणि समितीची म्हणून स्वतःची सही केली.

दावा पुढे उपविभागीय समितीकडे गेला आहे. तिथे सहा सदस्य बसतात.